रोमिओ-ज्युलिएटच्या मरणाला जबाबदार कोण?



शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' या नाटकाचे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. ज्याने पुस्तक हातात धरलेले नाही, तोही गल्लीतल्या पोराला 'मोठा रोमिओ लागून गेलास' असे सहज म्हणून जातो. १९८८ साली 'कयामत से कयामत तक' हा हिंदी सिनेमा आला. दोन वैरी घराण्यांतल्या मुला-मुलीची तीच जुनी गोष्ट नव्या कपड्यांत लोकांनी पाहिली आणि डोळे पुसत थिएटरबाहेर पडले. डोळे पुसून झाले की लोक एकच वाक्य बोलतात, 'नशीबच खोटे बिचाऱ्यांचे!'

या आठवड्यात आम्हाला याच वाक्याबद्दल बोलायचे आहे. नाटकात सहा माणसे मरतात. ती नशिबाने मेली की माणसांच्या वागण्याने मेली? आणि माणसांच्या वागण्याने मेली असतील, तर कोणाच्या?

गोष्ट थोडक्यात

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगतो. हे नाटक १५९५-९६ च्या सुमारास लिहिले गेले आणि १५९७ साली पहिल्यांदा छापले गेले. गोष्ट घडते इटलीतल्या वेरोना शहरात. तिथे माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन बडी घराणी. दोघांची प्रतिष्ठा सारखी आणि दोघांत पिढीजात वैर. माँटेग्यूचा मुलगा रोमिओ तोंडावर मुखवटा घालून कॅप्युलेटच्या मेजवानीत शिरतो. तिथे त्याला कॅप्युलेटची एकुलती एक लेक ज्युलिएट दिसते. दोघे एकमेकांवर जीव टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी पाद्री लॉरेन्स त्यांचे गुपचूप लग्न लावून देतो.

लग्नाला तासभर होतो न होतो तोच भररस्त्यात भांडण पेटते. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओच्या मित्राला, मर्क्युशियोला ठार करतो. संतापलेला रोमिओ टिबाल्टला ठार करतो. रोमिओला शहरातून हद्दपार केले जाते आणि तो मांटुआ या गावी जातो. इकडे बाप ज्युलिएटचे लग्न पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवतो. त्यातून सुटण्यासाठी पाद्री तिला एक औषध देतो. ते प्याल्यावर ४२ तास ती मेल्यासारखी पडून राहणार, मग घराण्याच्या थडग्यात जागी होणार आणि रोमिओ तिला घेऊन जाणार, असा बेत. बेताचे पत्र रोमिओला मिळत नाही, तिच्या मरणाची बातमी मात्र मिळते. तो विष घेऊन थडग्यापाशी येतो, आडव्या आलेल्या पॅरिसला मारतो आणि ज्युलिएटच्या शेजारी विष पिऊन मरतो. ती जागी होते, ते दृश्य पाहते आणि त्याच्याच खंजिराने स्वतःला संपवते. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने रोमिओची आईही त्याच रात्री जाते. रविवारी सुरू झालेली गोष्ट त्याच आठवड्यात संपते. एवढ्या थोड्या दिवसांत सहा जीव!

पहिला आरोप मुलांवर

अशा वेळी पहिला आरोप नेहमी पोरांवर होतो. 'मोठ्यांचे ऐकले नाही, भोगा आता!' हा आरोप शेक्सपिअरच्याही आधीचा आहे. १५६२ साली आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रज कवीने हीच कथा लांबलचक काव्यात सांगितली होती आणि शेक्सपिअरने आपले नाटक त्याच्यावरूनच बेतले. ब्रुकने प्रस्तावनेत सरळ निकाल देऊन टाकला की, ही मुले वासनेच्या आहारी गेली, आईबापांचा सल्ला त्यांनी मानला नाही, बडबड्या बायका आणि पाद्री यांच्या नादी लागली, म्हणून त्यांचा असा शेवट झाला.

शेक्सपिअरने ही प्रस्तावना उचलली नाही. उलट त्याने एक मोठा फरक केला. ब्रुकची ज्युलिएट १६ वर्षांची आहे आणि तिची कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने कथा काही दिवसांत आणली आणि ज्युलिएटचे वय १४ च्याही खाली आणले. तिला १४ पूर्ण व्हायला अजून दोनेक आठवडे आहेत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये साध्या घरांतल्या मुली बहुधा विशी उलटून गेल्यावर लग्न करीत. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनाही ती कोवळी पोरच दिसली असणार. आपल्याकडे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरवले होते. ज्युलिएट त्याही वयाला पोचलेली नव्हती!

मग मुलांचा दोष काहीच नाही काय? आहे. रोमिओ निष्पाप नाही. त्याच्या हातून दोन खून झाले. बायको मेली असे कानावर येताच त्याने 'पाद्रीबुवांचे पत्र आहे काय?' एवढे विचारले, पण उत्तर नाही आले तरी शहानिशा न करता तो विष शोधायला निघाला. उतावीळपणा हा त्याचा दोष आहेच. पण कोवळ्या वयाला उतावीळपणा असतोच. तो आवरायला म्हणून तर घरात आणि गावात मोठी माणसे असतात. ती मोठी माणसे त्या वेळी काय करीत होती, हा खरा प्रश्न आहे.

नशिबाच्या नावावर खपवलेले

नशिबाची बाजू मांडणारे म्हणतील, 'नाटकाच्या सुरुवातीलाच ग्रहताऱ्यांचा उल्लेख आहे. शिवाय पत्र पोचले नाही, ते नशीबच ना?'

पत्राचे काय झाले ते पाहू. लॉरेन्सने पत्र दिले जॉन नावाच्या दुसऱ्या पाद्रीकडे. जॉन सोबतीला एक पाद्री शोधत होता. तो पाद्री आजाऱ्यांच्या सेवेत होता. ते दोघे ज्या घरात होते तिथे प्लेगची लागण असल्याचा संशय आला आणि अधिकाऱ्यांनी घर बंद करून टाकले. हे काही आकाशातून पडलेले नशीब नव्हे. प्लेगमुळे १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाटकघरे बहुतेक बंदच होती, त्यामुळे घराला कुलूप ठोकण्याचा प्रकार प्रेक्षकांच्या रोजच्या ओळखीचा होता. २०२० साली आपल्याही वस्त्यांत पत्रे ठोकून गल्ल्या बंद झाल्या होत्या. साथीच्या दिवसांत निरोप अडकू शकतो, हे शहाण्या माणसाने धरून चालायचे असते.

आता दुसरी गोष्ट पाहा. रोमिओ निघाला तेव्हा लॉरेन्सनेच त्याला सांगितले होते की, तुझ्या नोकराला गाठून त्याच्याकरवी मी तुला वेळोवेळी खबर पोचवीन. प्रत्यक्षात त्याने पत्र दिले जॉनकडे, आणि रोमिओचा नोकर बाल्थझार याला बेताचा पत्ताच लागू दिला नाही. त्या इमानी नोकराने ज्युलिएटला थडग्यात ठेवताना पाहिले आणि तो ती बातमी घेऊन मांटुआला धावला. पाद्रीने त्याला एक शब्द सांगितला असता तर?

तिसरी गोष्ट याहून मोठी. लग्न ठरले होते गुरुवारी. पाद्रीने औषध घ्यायला सांगितले होते बुधवारी रात्री. पण मुलगी माफी मागते आहे असे पाहून बापाला इतका आनंद झाला की त्याने लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारी ओढले. म्हणून तिला औषध मंगळवारी रात्रीच प्यावे लागले. निरोप पोचवायला जो एक दिवस जास्तीचा मिळाला असता, तो असा गेला. पत्र परत आले तरी त्या एका दिवसात दुसरे पाठवता आले असते. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याच्या मागे माणसाचा हात कसा असतो, ते इथे बोट ठेवून दाखवता येते.

गरिबाच्या गळ्यात फास

आता नाटकातल्या गोरगरिबांकडे येऊ. त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

नाटकाची पहिली मारामारी मालकांची नाही, नोकरांची आहे. कॅप्युलेटचे सॅम्पसन आणि ग्रेगरी हे दोन नोकर माँटेग्यूच्या नोकरांना डिवचतात आणि तलवारी निघतात. वैर मालकांचे, इस्टेट मालकांची, आणि रस्त्यावर रक्त सांडणार नोकरांचे! दुसऱ्याच्या भांडणात आपले डोके फोडून घेण्याची ही रीत जगात सगळीकडे सारखीच दिसते.

मांटुआतला औषधवाला पाहा. हाडाची काडे झालेला, दुकानात रिकामे डबे रचून ठेवणारा माणूस. तिथल्या कायद्याप्रमाणे विष विकणाऱ्याला मृत्यूची शिक्षा आहे. तो आधी नकार देतो. रोमिओ त्याच्यापुढे ४० डुकाट, म्हणजे त्याने एकरकमी कधी पाहिले नसतील इतके पैसे धरतो. मनात नसताना, पोटासाठी तो विष देतो.

ज्युलिएटची दाई पाहा. स्वतःची सुसान नावाची तान्ही मुलगी गेली, ज्युलिएटला तिने अंगावर पाजून वाढवले. बाप पोरीवर ओरडू लागला तेव्हा बोलण्याची हिंमत केली ती या दाईने. तिला 'तोंड बंद कर' म्हणून गप्प केले गेले. नंतर तिनेच ज्युलिएटला 'पॅरिसशी लग्न करून टाक' असा सल्ला दिला आणि पोरीचा उरलासुरला आधार तुटला. सल्ला चुकीचा होता, यात शंका नाही. पण ज्या घरची भाकरी खायची त्या घराच्या मालकापुढे मोलकरणीचा आवाज किती चालणार? धुण्याभांड्याला जाणाऱ्या आमच्या माउल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ब्रुकच्या जुन्या काव्यात निकाल काय लागला तो ऐका. औषधवाल्याला फाशी. दाईला हद्दपारी. पाद्रीला मोकळे सोडले, तो जाऊन आश्रमात राहिला. आणि ज्यांच्या वैराने हे सारे घडले ती दोन्ही घराणी? त्यांना कोणतीच शिक्षा नाही. शेक्सपिअरने फाशीची ही नोंद गाळली. काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा होईल, एवढेच त्याचा राजा शेवटी म्हणतो, नाव कोणाचेच घेत नाही. नाव न घेता शिक्षा जाहीर झाली की ती कोणाच्या दारी जाऊन उभी राहते, हे ब्रुकने आधीच सांगून ठेवले आहे.

ज्यांना थांबवता आले असते

आम्हाला वाटते, जबाबदारी मोजायची असेल तर एक साधी कसोटी लावावी. हे थांबवण्याची ताकद कोणाच्या हातात होती? ज्याच्या हातात जेवढी ताकद, त्याच्या माथ्यावर तेवढी जबाबदारी.

या कसोटीवर पाद्री लॉरेन्स आधी सापडतो. त्याचा हेतू चांगला होता. या लग्नाने दोन घरे एक होतील असे त्याला वाटले. पण लग्न लावल्यावर दोन्ही घरी जाऊन सांगायला हवे होते, 'मी यांचे लग्न लावले आहे, काय करायचे ते मला करा.' त्याला समाजात मान होता, त्याचा शब्द ऐकला गेला असता. निदान टिबाल्ट मेल्यावर, पॅरिसशी लग्न ठरल्यावर तरी तोंड उघडायचे! त्याऐवजी त्याने सारा धोका तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकला. आणि शेवटी थडग्यात पहारेकऱ्यांची चाहूल लागताच, रोमिओच्या प्रेताशेजारी तिला एकटी सोडून तो पळाला. तो दोन मिनिटे थांबला असता तर निदान एक जीव वाचला असता.

पुढे बाप. कॅप्युलेट हा मुळात राक्षस नाही. सुरुवातीला तोच पॅरिसला सांगतो की मुलगी लहान आहे, दोन वर्षे थांब, आणि तिचे मन वळव, तिच्या संमतीशिवाय माझ्या होकाराला अर्थ नाही. किती शहाणे बोलणे! पण सोमवारी रात्री तोच बाप तिला न विचारता गुरुवारचे लग्न ठरवतो. ती नाही म्हणताच तो म्हणतो, माझे ऐकले नाहीस तर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, माझ्याकडे तुला थारा नाही. ती आईच्या पाया पडते, लग्न महिनाभर, नाहीतर आठवडाभर तरी पुढे ढकला म्हणते. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस. हाच आठवडा मिळाला असता तर औषधही लागले नसते आणि थडगेही.

वैर थांबवण्याची ताकदही याच बापात होती, याला पुरावा आहे. मेजवानीत टिबाल्टने रोमिओला ओळखले आणि तलवार मागितली, तेव्हा कॅप्युलेटने त्याला दरडावून गप्प बसवले. रोमिओ चांगला मुलगा आहे असे गावात बोलतात, माझ्या घरात तमाशा नको, असे बजावले. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता पाळणे अवघड नाही, असेही तो एकदा म्हणून जातो. अवघड नव्हते, तर पाळली का नाही? स्वतःच्या मेजवानीची शोभा राखायला जो अधिकार वापरला, तो शहराच्या रस्त्यावर का वापरला नाही?

आणि शेवटी राजा एस्कलस. नाटक सुरू होते तेव्हा तो म्हणतो, तुमच्या भांडणाने तीनदा या शहराची शांतता मोडली, यापुढे मोडाल तर जीव घेईन. म्हणजे तीनदा रक्त सांडले तरी कोणावर कारवाई झाली नव्हती! बड्या घरांचे प्रकरण म्हणून दम देऊन सोडून दिले. शेवटी मात्र तो आपली चूक कबूल करतो की, तुमच्या भांडणाकडे मी डोळेझाक केली आणि माझेही दोन नातलग गमावून बसलो. मर्क्युशियो आणि पॅरिस हे दोघे त्याचे नातलग होते. कायदा राखणाऱ्याने बड्यांसाठी डोळे मिटले की आग त्याच्याही घरात शिरते.

वैराचे कारण कोणालाच ठाऊक नाही

संपूर्ण नाटक शोधून पाहा, या दोन घराण्यांचे भांडण कशावरून सुरू झाले ते कुठेही सांगितलेले नाही. आम्हाला वाटते, हेच या नाटकातले सर्वांत मोठे सत्य आहे. जमिनीवरून, पैशावरून, शब्दावरून, कशावरून भांडण झाले ते लढणाऱ्यांनाही आठवत नाही. बापाने शिवी दिली म्हणून मुलगा देतो, मालकाने तलवार काढली म्हणून नोकर काढतो. कारण विरून जाते, द्वेष तेवढा वारशाने मिळत राहतो. अशा वैराला कोणी जन्माला घातले ते सांगता येत नसेल, पण त्याला रोज कोण जगवते ते सांगता येते. जो 'आमच्याकडे असेच चालत आले आहे' म्हणतो, तो त्याला जगवतो.

शेवटी दोन्ही बाप एकमेकांचे हात हातात घेतात. माँटेग्यू म्हणतो, ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारीन. कॅप्युलेट म्हणतो, रोमिओचाही तसाच उभारीन. काय हा उशिरा सुचलेला उदारपणा! जिवंतपणी ज्या लेकीला एक आठवडा दिला नाही, मेल्यावर तिच्यासाठी सोन्याची तिजोरी उघडली. आणि त्यातही एकमेकांच्या बरोबरीचा हिशेब सुटला नाही.

तर वाचकहो, आमचा निकाल असा. मुलांचा दोष उतावीळपणाचा. दाईचा आणि औषधवाल्याचा दोष भीतीचा आणि भुकेचा. पाद्रीचा दोष गुप्ततेचा आणि ऐनवेळी पळून जाण्याचा. बापांचा दोष हट्टाचा आणि राजाचा दोष डोळेझाकीचा. यांत शेवटचे दोन सर्वांत भारी, कारण थांबवण्याची ताकद त्यांच्याकडे सर्वांत जास्त होती. नशिबाचे नाव या यादीत आम्ही लिहीत नाही. नशिबावर ढकलले की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

ज्यांच्या घरात वयात येणारी मुले-मुली आहेत, त्या आईबापांना एवढेच सांगायचे आहे. ज्युलिएटने चार दारे ठोठावली. बाप, आई, दाई आणि पाद्री. पहिल्या तिघांनी दार लावून घेतले, चौथ्याने औषधाची बाटली हातात दिली. 'तुझ्या मनात काय आहे ते सांग, मी रागावणार नाही' असे चौघांपैकी एकानेही म्हटले नाही. आपल्या घरात हे वाक्य म्हणणारे एक तरी माणूस आहे काय? आई असो, बाप असो, आजी असो, आत्या असो. नसेल तर आजच्या जेवणाच्या वेळी ते माणूस आपण व्हावे. मुलांचे सगळे मान्य करा असे आम्ही म्हणत नाही. लग्नाचे वय व्हायचे असेल तर 'थांब' म्हणा, शिक्षण व्हायचे असेल तर 'आधी शिक' म्हणा. पण ऐकून घेतल्यावर म्हणा. ऐकून घेतलेले मूल थांबायला तयार होते. ज्याचे कोणीच ऐकले नाही, त्याला थांबण्यासारखे काही उरत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.